अविवाहित पिता : पोटगीचे दायित्व आणि पालकत्वाचा हक्क

विवाहाबाहेर जन्मलेल्या अपत्याच्या पित्याविषयी भारतीय कायद्याची भूमिका एकाच वेळी कठोर आणि हात आखडता घेणारी आहे. अपत्याला पोसण्याचे दायित्व पित्यावर केवळ जन्मसंबंधामुळे येते आणि त्यासाठी विवाह, कबुली किंवा सरकारदरबारची नोंद यांपैकी कशाचीही पूर्वअट नाही. त्याच अपत्याच्या पालकत्वाचा, ताब्याचा किंवा भेटीचा हक्क मात्र पित्याकडे आपोआप येत नाही, तो न्यायालयात जाऊन आणि अपत्याचे हित दाखवून मिळवावा लागतो. व्यवहारात या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या जातात. मुलाला आपले नाव लावलेले नाही म्हणून पोटगीही द्यावी लागणार नाही असे काही पुरुष समजतात, तर आपण दरमहा पैसे देतो त्या अर्थी मूल भेटलेच पाहिजे असे काहींना वाटते. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि या विषयातील बहुतेक तंटे या गैरसमजांतूनच वाढत जातात.

आपले प्रकरण नेमके कोणत्या वर्गात मोडते हे पित्याने प्रथम तपासावे, कारण लोकव्यवहारात ज्याला सरसकट ‘लग्नाविना मूल’ म्हटले जाते त्यात कायद्याच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या परिस्थिती असतात. पहिलीत स्त्रीपुरुषांचा कोणताही विवाह झालेला नसतो आणि दीर्घ सहवासही नसतो. दुसरीत विवाहविधी झालेला असतो, परंतु पहिली पत्नी किंवा पहिला पती हयात असल्यासारख्या कारणाने तो विवाह शून्य, म्हणजे मुळातच अवैध, ठरतो. अशा विवाहातून झालेली अपत्ये हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या कलम 16 मुळे औरस, म्हणजे वैध संतती, मानली जातात. ‘दुसरे लग्न कायद्याने लग्नच नाही, मग मूल आमचे कसे’ हा युक्तिवाद त्यामुळे अपत्यापुरता निरुपयोगी आहे. तिसऱ्या परिस्थितीत जोडपे वर्षानुवर्षे पतीपत्नीप्रमाणे एकत्र राहिलेले असते, शेजारपाजार आणि नातेवाईक त्यांना तसेच ओळखतात, आणि विवाहाचा थेट पुरावा नसला तरी न्यायालय विवाह झाल्याचे गृहीत धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये केरळमधील एका मालमत्तेच्या वादात हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. हे गृहीतक खोडून काढता येते, पण ते खोडण्याचा भार ते नाकारणाऱ्यावर असतो. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या परिस्थितीतील पित्याला उद्देशून असले, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या परिस्थितीत पित्याचे हक्क आणि अपत्याचे वारसाधिकार दोन्ही अधिक भक्कम असतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

पोटगीचा मूळ आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 2023 च्या कलम 144 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या कलमाने दंड प्रक्रिया संहिता 1973 मधील सुपरिचित कलम 125 ची जागा घेतली. पुरेशी साधने असूनही जो पुरुष स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आपल्या औरस किंवा अनौरस अपत्याकडे दुर्लक्ष करतो किंवा त्याला पोसण्यास नकार देतो, त्याला दरमहा पोटगी देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी या कलमाखाली देऊ शकतात. जेथे कुटुंब न्यायालय स्थापन झालेले आहे तेथे, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत, हा अधिकार ते न्यायालय वापरते. हे कलम धर्मनिरपेक्ष आहे, आणि अनौरस अपत्याच्या बाबतीत त्याचे महत्त्व येथेच दिसते. हनफी मुस्लीम विधीप्रमाणे असे अपत्य फक्त आईच्या नात्याचे मानले जात असले, तरी मुस्लीम पित्याला कलम 144 खालील दायित्वातून त्या कारणाने सुटका मिळत नाही. हिंदू पित्यावर याशिवाय हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम 1956 च्या कलम 20 चे स्वतंत्र दायित्व आहे. त्यात औरस आणि अनौरस असा भेद न करता अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, अपत्याचा निर्वाह आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा निर्वाह ही आई आणि वडील दोघांचीही जबाबदारी मानली आहे. आई कमावती असेल तर पित्याचा वाटा दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठरू शकतो, परंतु आई कमावते म्हणून पिता पूर्णपणे मोकळा होत नाही.

पोटगीची रक्कम किती, याला ठरावीक टक्केवारी नाही. पत्नीच्या पोटगीसाठी पतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांचा दाखला अनेकदा दिला जातो, पण तो अपत्याच्या पोटगीला जसाच्या तसा लागू होत नाही. अपत्याचे वय, शाळेची फी, औषधोपचार, आईचे उत्पन्न, पित्याची राहणी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली इतर माणसे यांचा एकत्रित विचार न्यायालय करते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दिलेल्या निर्णयानुसार पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र दाखल करायचे असते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. प्रकरण चार वर्षे चालले तर चार वर्षांची थकबाकी एकदम अंगावर येते, म्हणून तारखा वाढवून घेण्याचा डाव पित्याच्याच अंगाशी येतो. मूळ अर्ज प्रलंबित असताना अंतरिम, म्हणजे तात्पुरती, पोटगीही मागता येते आणि तिचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असे संहिताच सांगते. नोकरी नाही ही सबबही फारशी टिकत नाही. धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करूनही पोषण केले पाहिजे अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये घेतलेली आहे.

आदेश मोडल्यास न्यायालय थकलेली रक्कम दंडाप्रमाणे वसूल करण्यासाठी वॉरंट काढते आणि त्यानंतरही रक्कम न दिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, ही बाब अनेकांना तुरुंगातून बाहेर आल्यावर कळते. वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याने मिळालेल्या पोटगीसाठी पगार जप्त करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार इतर कर्जांच्या तुलनेत पोटगीच्या वसुलीत पगाराचा बराच मोठा भाग जप्तीस पात्र असतो आणि केवळ एक तृतीयांश पगार संरक्षित राहतो.

गावपातळीवर किंवा दोन्ही घरांच्या बैठकीत एकरकमी पैसे देऊन ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा लेखाने आई फार तर स्वतःचा हक्क सोडू शकते; पोटगीचा हक्क अपत्याचा असल्याने आईने तो सोडून देणे न्यायालये सहसा बंधनकारक मानत नाहीत. अशी तडजोड करायचीच असेल तर ती न्यायालयापुढे नोंदवून घ्यावी, रक्कम अपत्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावी आणि तीतही शिक्षण किंवा आजारपण यांसारख्या बदललेल्या परिस्थितीत पोटगी वाढू शकते हे गृहीत धरावे.

पितृत्वच अमान्य असेल तर प्रश्न पुराव्याचा होतो. दावा करणारी आई असो किंवा पितृत्व जाहीर करून मागणारा पुरुष असो, डीएनए चाचणी मागितली की ती मिळतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून सातत्याने सांगितले आहे, की रक्तचाचणीचा आदेश नित्यक्रम म्हणून देऊ नये. त्यासाठी प्रथमदर्शनी सबळ प्रकरण असले पाहिजे आणि चाचणीचा अपत्यावर काय परिणाम होईल हे पाहिले पाहिजे. पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये अपत्याच्या खासगीपणाचा विचार करून चाचणी नाकारली. आदेश झाल्यावर मात्र नमुना देण्याचे टाळणे धोक्याचे असते, कारण न्यायालय त्यातून नकार देणाऱ्याविरुद्ध अनुमान काढू शकते. उत्तर प्रदेशाचे आणि नंतर उत्तराखंडाचे मुख्यमंत्री राहिलेले नारायण दत्त तिवारी यांनी कित्येक वर्षे नमुना नाकारला, तरी अखेर 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांचे रक्त घेतले गेले आणि पितृत्व सिद्ध झाले. कुरिअरने नमुने मागवणाऱ्या खासगी प्रयोगशाळेचा गुपचूप मिळवलेला अहवाल न्यायालयात फारसा उपयोगी पडत नाही. नमुना कोणाचा आणि तो कोणाच्या हातून गेला हे सिद्ध करता आले पाहिजे, म्हणून न्यायालये नमुने सहसा सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे, महाराष्ट्रात उदाहरणार्थ मुंबईतील कालिना येथे, पाठवतात.

अपत्याच्या जन्मावेळी आई दुसऱ्या पुरुषाशी विवाहबद्ध असेल तर चित्र पूर्ण पालटते. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 116 नुसार विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून 280 दिवसांच्या आत आईने पुनर्विवाह केलेला नसताना, झालेला जन्म हा त्या पतीच्या औरस संततीचा निर्णायक पुरावा असतो. पतीपत्नींना त्या काळात एकमेकांचा सहवास शक्यच नव्हता हे दाखवल्याशिवाय तो हलत नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हे गृहीतक कायम ठेवून कथित जैविक पित्याला चाचणीस भाग पाडण्यास नकार दिला. याउलट नागपूरच्या एका प्रकरणात 2014 मध्ये, चाचणी आधीच झालेली असताना, विज्ञानाचा निष्कर्ष गृहीतकावर मात करतो असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. या दोन निर्णयांत ओढाताण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. विवाहित स्त्रीच्या अपत्यावर हक्क सांगू पाहणाऱ्या पुरुषाने तूर्त 2025 चा निर्णय आपल्या विरोधात आहे असे समजूनच सल्ला घ्यावा.

आता हक्कांची बाजू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 च्या कलम 6 नुसार अनौरस मुलाची आणि अनौरस अविवाहित मुलीची नैसर्गिक पालक आई असते आणि तिच्यानंतर पिता. नैसर्गिक पालक म्हणजे न्यायालयाने नेमल्याशिवाय केवळ नात्यामुळे अज्ञान व्यक्तीच्या शरीराची आणि मालमत्तेची देखभाल करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. पिता दुसऱ्या क्रमांकावर आहे, पण तो यादीबाहेर नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आई हयात असताना पालकत्व, ताबा किंवा भेटीची व्यवस्था हवी असल्यास त्याने पालक व पाल्य अधिनियम 1890 खाली, मूल ज्या भागात सामान्यतः राहते तेथील कुटुंब न्यायालयात किंवा जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. या अधिनियमाचा कस एकच आहे, तो म्हणजे अपत्याचे कल्याण. आईवडिलांचा विवाह झाला होता की नाही हा मुद्दा त्याच्या तुलनेत दुय्यम ठरतो आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारली जाते. पहिल्या अर्जातच संपूर्ण ताबा मागण्यापेक्षा आधी नियमित भेट, मग सुट्ट्यांतील सहवास, मग रात्रीचा मुक्काम अशी चढती मागणी करणारा पिता न्यायालयाला अधिक विश्वासार्ह वाटतो. सुरुवातीच्या भेटी अनेकदा न्यायालयाच्या आवारात किंवा समुपदेशकांच्या देखरेखीखाली होतात आणि त्यांना अपमान समजून गैरहजर राहणे हे पुढे विरोधी पक्षाच्या हातातले आयते कोलीत ठरते. भेट नाकारली जाते म्हणून पोटगी थांबवणे तर त्याहून घातक आहे.

या क्षेत्रातील कळीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 6 जुलै 2015 रोजी दिला. एका अविवाहित ख्रिस्ती मातेने पालकत्वासाठी अर्ज केला होता आणि अपत्याशी कधीच संबंध न ठेवलेल्या पित्याचे नाव उघड करण्यास किंवा त्याला नोटीस देण्यास तिची तयारी नव्हती. अपत्यात रस न घेतलेल्या पित्याला नोटीस देणे सक्तीचे नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे पित्याने येऊन खरा जिव्हाळा दाखवला तर व्यवस्थेचा फेरविचार होऊ शकतो, ही वाट मात्र खुली ठेवली. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्या पित्याचा मागमूस कागदावर नाही त्याच्या अपरोक्ष पालकत्वाचा निकाल लागू शकतो.

दत्तकाच्या बाबतीत ही अनुपस्थिती अधिक महाग पडते. बाल न्याय अधिनियम 2015 खालील व्यवस्थेत विवाहबाह्य अपत्य बालकल्याण समितीकडे सोपवण्याचा, म्हणजे समर्पणाचा, अधिकार एकट्या आईला आहे. फेरविचारासाठी मिळणारे दोन महिने संपले की मूल दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकते आणि दत्तक पूर्ण झाल्यावर पित्याचा मार्ग जवळपास बंद होतो. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये या नियमाला एक महत्त्वाची मर्यादा घातली. लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्या जोडप्यातील आईने मूल एकटीने समर्पित केले होते. समर्पणापुरते असे अपत्य विवाहित जोडप्याचेच समजावे आणि पित्यालाही विचारात घ्यावे, असे ठरवून न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. महाराष्ट्रातील समित्यांवर तो निर्णय थेट बंधनकारक नसला तरी त्याचा आधार घेता येतो. अशी शंका असलेल्या पित्याने त्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे तात्काळ लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. येथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

म्हणून जबाबदारी स्वीकारू इच्छिणाऱ्या पित्याने न्यायालयाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी कागद जमवायला लागावे. आईची संमती असेल तर जन्मनोंदीच्या वेळीच दोघांनी मिळून पित्याचे नाव नोंदवावे, कारण जन्म 21 दिवसांच्या आत कळवला तर नोंद सुलभ असते आणि नंतरच्या दुरुस्तीला पुराव्याचा डोंगर लागतो. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. त्यामुळे आईचे नाव आता कागदावर हमखास येते, वडिलांचे नाव मात्र पितृत्वाची कबुली असेल तरच. प्रसूतीचा खर्च, दरमहाची रक्कम आणि शाळेची फी रोख न देता बँकेमार्फत द्यावी. रोखीने दिलेल्या पैशाची साक्ष कोणी देत नाही.

मूल परस्पर उचलून नेणे हा कोणत्याही स्थितीत मार्ग नव्हे. भारतीय न्याय संहितेत कायदेशीर पालकत्वातून अपहरण करण्याच्या गुन्ह्याला एक लक्षवेधी अपवाद आहे: स्वतःला अनौरस अपत्याचा पिता असल्याचे सद्भावनेने मानणाऱ्या व्यक्तीचे कृत्य, त्यामागे अनैतिक किंवा बेकायदेशीर हेतू नसेल तर, या गुन्ह्यात मोडत नाही. या अपवादाने फार तर शिक्षा टळेल. त्यातून ताब्याचा हक्क निर्माण होत नाही आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने मूल आईकडे परत जाते, शिवाय पुढच्या प्रत्येक सुनावणीत ती घटना पित्याविरुद्ध उभी राहते. आणखी एक इशारा आवश्यक आहे. गर्भधारणेच्या वेळी आई अठरा वर्षांखालील असेल, तर तिची संमती गृहीत न धरणारा पोक्सो कायदा लागू होतो, आणि पितृत्वाची कबुली हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो. अशा व्यक्तीने कौटुंबिक अर्ज करण्यापूर्वी फौजदारी वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे.

पित्याने स्वेच्छेने पितृत्व कबूल करून ते नोंदवण्याची सोपी, कोर्टाबाहेरची पद्धत गोवा वगळता भारतात नाही, ही या व्यवस्थेतील खरी उणीव म्हणावी लागेल. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेली अशी पद्धत आहे: जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा सार्वजनिक दस्ताने पिता अपत्याचा स्वीकार करू शकतो आणि स्वीकारलेल्या अपत्याला त्याचे आडनाव, निर्वाह आणि वारसा मिळतो. उत्तराखंडाच्या समान नागरी संहितेने, जी जानेवारी 2025 मध्ये लागू झाली, लिव्ह-इनमधील अपत्याला थेट औरस ठरवले आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावे, की तेथे 1 डिसेंबर 2003 पासून जन्मदाखल्यावर संयुक्तपणे नाव नोंदवलेल्या अविवाहित पित्याला पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी आणि तीबरोबरचे अधिकार आपोआप मिळतात. भारतातील जन्मदाखल्याला तेवढे बळ नाही, तो केवळ पुरावा असतो.

वारशाच्या बाबतीत अनौरस अपत्याची स्थिती पोटगीपेक्षा बरीच दुबळी आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 मध्ये ‘नातेसंबंध’ म्हणजे औरस नातेसंबंध असे मानले आहे आणि अनौरस अपत्य फक्त आईचे आणि परस्परांचे नातलग ठरते. परिणामी मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पित्याची मालमत्ता त्याला वारसा म्हणून मिळत नाही. मिताक्षरा परंपरेत शूद्र मानल्या गेलेल्या पित्याच्या दासीपुत्राला काही वाटा मिळत असे, तोही आधुनिक संहितेने काढून घेतला, हा सुधारणांच्या इतिहासातील एक विचित्र विरोधाभास आहे. शून्य विवाहातील अपत्यांची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी ठरवल्याप्रमाणे त्यांना पित्याच्या स्वतंत्र मालमत्तेत आणि एकत्र कुटुंबातील काल्पनिक वाटणीत पित्याच्या वाट्याला येईल तेवढ्या हिश्शात हक्क असतो, मात्र इतर नातेवाईकांच्या मालमत्तेत नाही. ज्यांना हाही आधार नाही त्यांच्यासाठी निर्वाह अधिनियमाची कलमे 21 आणि 22 उरतात, ज्यांनुसार मृत पित्याचा अज्ञान अनौरस मुलगा आणि अविवाहित अनौरस मुलगी त्याच्या वारसांकडून, त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती, पोटगी मागू शकतात.

त्यामुळे अपत्याला मालमत्ता मिळावी अशी इच्छा असलेल्या अविवाहित पित्याने मृत्युपत्र करणे अपरिहार्य आहे. त्यात ‘माझी मुले’ असा मोघम शब्द न वापरता अपत्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव लिहावे, ते आपले अपत्य असल्याचे स्पष्ट नमूद करावे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, ज्यांना त्या मृत्युपत्रातून स्वतःला काही मिळणार नाही असेच साक्षीदार निवडणे शहाणपणाचे. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकाकडे ती केल्यास पुढील वाद कमी होतात. मुस्लीम पित्याला मृत्युपत्राने मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येते. अनौरस अपत्य त्याचा वारस नसल्याने या मर्यादेतील देणगीला इतर वारसांची संमती लागत नाही. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँकखाती यांवरील नामनिर्देशन त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण लग्न न झालेल्या बहुतेक पुरुषांच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर अजून आईवडिलांचीच नावे असतात.